काउंटरवरचं पहिलं बिल: सोलापूरच्या एका कारखान्यात जेआयटी आणि एओटी

सकाळी साडेनऊला ट्रान्सपोर्टवाल्याचा छोटा हत्ती गेटवर येऊन उभा राहतो. गाठी बांधून तयार, बिल्टी लिहून तयार, फक्त बिल निघालेलं नसतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात हे रोजचंच झालं होतं. बिलिंगचं सॉफ्टवेअर माझं होतं, त्यामुळे फोन मलाच यायचा. काउंटर सांभाळणाऱ्या अक्का एक दिवस म्हणाल्या, "काय ओ दादा, संध्याकाळी कसं पटापट चालतंय, सकाळी मात्र झोपेतनं उठतच नाही तुमचं सॉफ्टवेअर." मी आधी नेटवर्कवर शंका घेतली, मग डेटाबेसवर. अक्कांचं वाक्य मात्र शब्दशः बरोबर होतं, आणि ते नीट ऐकलं असतं तर माझे पंधरा दिवस वाचले असते.

शेवटी दोन दिवस काउंटरशेजारी खुर्ची टाकून बसलो. तिथे जे दिसलं ते माझ्या लॅपटॉपवर कधीच दिसलं नसतं. संगणक नऊला चालू होतो, एकला जेवणाच्या सुट्टीत बंद होतो, दोनला परत चालू, सातला बंद. मध्ये लाइट गेली तर यूपीएसच्या बॅटरीत दम नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे माझा प्रोग्रॅम एका वेळी फार तर चार-पाच तास जगत होता. माझ्या लॅपटॉपवर तोच प्रोग्रॅम आठवडाआठवडा चालू असतो. घड्याळ लावून पाहिलं: प्रोग्रॅम उभा राहायला पाऊण मिनिट, पहिलं बिल निघायला दहा-बारा सेकंद, पाचव्या-सहाव्या बिलाला तीन, आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला एक सेकंदसुद्धा नाही. संगणक तोच, माणूस तोच, बिलंही तशीच.

प्रोग्रॅम जावात लिहिलेला आहे, जावा २१ आणि स्प्रिंग बूट ३ या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर. जावाचा कोड आपण कम्पाइल करतो तेव्हा प्रोसेसरची भाषा तयार होत नाही, बाइटकोड ही मधली भाषा तयार होते. हा बाइटकोड आभासी यंत्र, म्हणजे जेव्हीएम, सुरुवातीला एकेक सूचना वाचत चालवतं. वाचता वाचता ते मोजतं, की कोणती मेथड, म्हणजे एक काम करणारा कोडचा तुकडा, किती वेळा आली, कोणता लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा भाग, किती फिरला. एखादी मेथड पुरेशी तापली की तिचं तिथल्या तिथे, प्रोग्रॅम चालू असतानाच, प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर होतं. हेच जस्ट-इन-टाइम, जेआयटी. जावातल्या या यंत्राचं नावच हॉटस्पॉट आहे. ते १९९९ साली आलं, आणि त्यामागची कल्पना त्याहून जुनी, १९८० आणि १९९० च्या दशकांतल्या स्मॉलटॉक आणि सेल्फ या भाषांवरच्या कामातून आलेली.

हॉटस्पॉटमध्ये दोन कम्पायलर आहेत. सी-वन झटपट पण साधा कोड देतो, सी-टू वेळ घेतो पण कसलेला कोड देतो. कोणाला कधी बोलवायचं याचे उंबरठे ठरलेले आहेत. मूळ सेटिंगमध्ये मेथड साधारण २०० वेळा चालली की सी-वनची पाळी आणि ५,००० वेळा चालली की सी-टूची. लूप जास्त फिरत असतील तर पाळी आधीही येते.

आता हे आकडे काउंटरवर आणून ठेवा. दिवसाला चाळीसेक बिलं, त्यातली निम्मी जेवणाआधी. बिल तयार करणारी मुख्य मेथड एका बैठकीत वीस वेळा चालते. २०० चा उंबरठा ती गाठायच्या आत अक्का संगणक बंद करून डबा उघडतात. दुपारी परत शून्यापासून मोजणी, कारण प्रोग्रॅम बंद झाला की जेआयटीने शिकलेलं सगळं पुसलं जातं. खालच्या लहान मेथड, रकमा जोडणाऱ्या, अक्षरांत लिहिणाऱ्या, त्या तापत होत्या, म्हणून संध्याकाळ बरी जायची. पण वरची सगळी इमारत कायम वाचून चालवलेल्या अवस्थेतच राहत होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण यावर आमच्या क्षेत्रात फार गोंधळ आहे. सकाळचा सगळा वेळ जेआयटीने खाल्ला असं म्हणणं खोटं ठरेल. मोठा वाटा होता क्लास, म्हणजे मेथड ज्यांत बांधलेल्या असतात ते कोडचे गठ्ठे, शोधून लोड करण्याचा आणि फ्रेमवर्कच्या उभारणीचा. स्प्रिंग सुरू होताना हजारो क्लास उघडतं, कोणाला काय हवं ते तपासतं, जोडण्या करतं, आणि हे सगळं थंड, न कम्पाइल झालेल्या कोडमधून. पहिल्या बिलाला पीडीएफ बनवणारी लायब्ररी पहिल्यांदा जागी होते, तिचे क्लास तेव्हा लोड होतात. वाट पाहणाऱ्याला यातलं काहीच वेगळं दिसत नाही, पण उपाय करणाऱ्याला दिसलंच पाहिजे.

मी आधी सोपे उपाय करून पाहिले. "सगळं पहिल्याच वेळी कम्पाइल कर" असं सांगणारा एक पर्याय जेव्हीएममध्ये आहे. तो लावला आणि प्रोग्रॅम उभा राहायला तीन मिनिटांच्या पुढे गेला, कारण जे एकदाच चालणार आहे तेही तो इमानदारीने कम्पाइल करत बसला. तो तासाभरात काढला. मग सी-टू बंद करून फक्त सी-वनवर ठेवलं, थोडा फरक पडला. खरा फरक क्लास डेटा शेअरिंगने पडला. लोड झालेल्या क्लासचा साठा एकदा फाइलमध्ये करून ठेवायचा आणि पुढच्या वेळी तीच फाइल उचलायची. आपल्या स्वतःच्या क्लाससाठी ही सोय जावा १० पासून आहे. पाऊण मिनिटाचं अर्ध्या मिनिटाच्या आत आलं. तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं, हे आज मान्य करतो. पण पहिलं बिल अजून सात-आठ सेकंद घेतच होतं, आणि गेटवरचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतच होता.

म्हणून अहेड-ऑफ-टाइम, एओटी. ग्राल-व्हीएम या जावाच्या वेगळ्या संचातलं नेटिव्ह इमेज हे साधन प्रोग्रॅम आधीच, माझ्याकडे, पूर्ण कम्पाइल करून एक एक्झी फाइल हातात देतं. मुख्य फंक्शनपासून सुरुवात करून ते एकेक वाट चालत जातं: इथून कोणती मेथड गाठता येते, तिच्यातून कोणती. जे गाठता येतं ते फाइलमध्ये जातं, जे गाठता येत नाही ते वगळलं जातं. प्रोग्रॅम चालू झाल्यावर नवा क्लास आत येणार नाही हे यात गृहीत धरलेलं असतं, हीच बंद दुनियेची अट.

मालकांना हे सांगताना मी अडखळत होतो. ते मध्येच म्हणाले, "म्हणजे बीम भरल्यासारखंच की हे." आणि त्यांनी मलाच समजावलं. ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, तारं किती, रंगांचा क्रम काय, हे बीम, म्हणजे ताणा गुंडाळायचा रूळ, भरतानाच ठरतं. माग सुरू झाल्यावर तारं वाढवता येत नाहीत. बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, रंग मात्र माग चालू असताना कांडी बदलून बदलता येतो. ताणा चुकला तर सगळं बीम वाया, पण ताणा नीट असेल तर माग थांबत नाही. त्यानंतर आमच्या बोलण्यात एओटी म्हणजे ताणा आणि जेआयटी म्हणजे बाणा हेच शब्द रुळले. नेटिव्ह इमेजमधली बंद दुनियेची अट याहून नेमकी मला कुठे वाचायला मिळाली नाही.

ताणा भरताना काय काय चुकतं ते मग एकेक करून कळत गेलं.

पहिली अडचण फाइल तयार करण्याचीच. माझा लॅपटॉप लिनक्सवर आणि काउंटरचा संगणक विंडोजवर. नेटिव्ह इमेज एका प्रणालीवर बसून दुसरीसाठी फाइल बनवत नाही, म्हणून विंडोजचं वेगळं मशीन मांडावं लागलं, त्यावर मायक्रोसॉफ्टची सी प्लस प्लसची साधनं बसवावी लागली. एकेका बिल्डला, म्हणजे फाइल बनवण्याच्या फेरीला, कित्येक मिनिटं आणि कित्येक जीबी मेमरी. बाइटकोडची एकच फाइल कुठेही चालते, या सवयीत वाढलेल्या माणसाला हे जड जातं.

दुसरी अडचण काउंटरवर. फाइल नेऊन चालवली, तर सुरू होण्याआधीच संदेश: या मशीनमध्ये आवश्यक त्या प्रोसेसर-सुविधा नाहीत. काउंटरचा संगणक जुना, त्याच्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स-टू या सूचनांचा संच नव्हता. हा संच इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०१३ साली आला, आणि नेटिव्ह इमेज हल्ली मूळ सेटिंगमध्ये तो आहे असं धरूनच कोड बनवतं. जुन्या मशीनशी जुळवून घेण्याचा पर्याय देऊन परत बिल्ड केला तेव्हा चाललं. हा दोन मिनिटांचा उपाय, पण फरकाचं मूळ इथेच दिसतं. जेआयटी ज्या प्रोसेसरवर उभं आहे त्यालाच बघून कोड बनवतं. एओटीला तो न बघता, अंदाजाने बनवावा लागतो. अंदाज वरचा धरला तर जुनं मशीन अडतं, खालचा धरला तर नव्या मशीनची ताकद वाया जाते.

तिसरी अडचण छापील बिलावर दिसली. प्रोग्रॅम डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उभा राहिला, बिल सेकंदाच्या आत निघालं, मी खूश. अक्कांनी कागद हातात घेतला आणि तसाच माझ्यापुढे धरला. इंग्रजी मजकूर जागेवर, रकमा जागेवर, आणि गिऱ्हाइकाच्या मराठी नावाच्या जागी रिकाम्या चौकोनांची ओळ. देवनागरी फॉन्टची फाइल जार फाइलच्या आत होती, पण तिचं नाव कोडमध्ये चालू वेळी जोडून तयार होत होतं. आधीच वाटा शोधणाऱ्या साधनाला ती दिसली नाही, म्हणून त्याने घेतली नाही. फॉन्ट सापडला नाही की लायब्ररी गुपचूप दुसरा वापरत होती, त्यामुळे कुठे चूकही नोंदली गेली नाही.

यासाठी एक ट्रेसिंग एजंट मिळतो. प्रोग्रॅम साध्या जेव्हीएमवर चालवायचा, एजंट शेजारी बसून टिपून ठेवतो की कोणत्या फाइली उघडल्या, कोणते क्लास नावाने मागवले. ती यादी बिल्डला द्यायची. मी ऑगस्टमध्ये दोन दिवस काउंटरवर एजंट लावून ठेवला, खऱ्या बिलांवर. यादी लांबलचक आली, फॉन्ट आला, पीडीएफचे क्लास आले. सप्टेंबरपासून काउंटर नेटिव्ह फाइलवर गेलं. सुरू व्हायला एक सेकंद लागत नव्हता, पहिलं बिल आणि चाळिसावं बिल एकाच वेगात, मेमरीही आधीच्या एक चतुर्थांशाच्या आसपास. अक्कांचे फोन बंद झाले.

या यशाच्या भरात मी पुढचं पाऊल टाकलं आणि ते चुकलं. कारखान्यात माझा आणखी एक प्रोग्रॅम आहे. रात्री ऑफिसातल्या मोठ्या मशीनवर चालतो. पुढच्या ऑर्डरी बघून कोणत्या रंगाचं किती सूत डाइंगला पाठवायचं आणि कोणकोणती डिझाइनं एकाच बीमवर बसतील याची जुळणी करतो. असंख्य जुळण्या करून बघायच्या आणि त्यातली कमी वाया जाणारी निवडायची. हा जेव्हीएमवर वीस-बावीस मिनिटांत संपायचा. काउंटरवर एवढा फरक पडला तर इथेही पडेल म्हणून त्याचीही नेटिव्ह फाइल केली. तो अर्ध्या तासाच्या पुढे गेला. तीन रात्री चालवला, तिन्ही रात्री तसंच.

कारण शोधायला जेव्हीएमला कम्पायलेशनची नोंद छापायला सांगितली. ती नोंद प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या प्रोग्रॅमवर बघावी. एकेका ओळीत सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद, क्रमांक, पातळी, मेथडचं नाव आणि बाइटकोडचा आकार. पहिल्या काही सेकंदांत ओळींचा पूर येतो, तिसऱ्या पातळीच्या, म्हणजे सी-वनने केलेल्या आणि मोजणी चालू ठेवलेल्या. मग त्याच मेथड चौथ्या पातळीवर दिसू लागतात, सी-टूकडे गेलेल्या. जुळणीच्या गाभ्यातल्या चार मेथड तिथे लवकर पोहोचल्या आणि उरलेली वीस मिनिटं त्यांच्याच जिवावर गेली.

त्यात एका जागी लक्ष अडकलं. माझ्या कोडमध्ये "सूत" हा इंटरफेस, म्हणजे सामाईक साचा, आहे आणि सुती, पॉलिएस्टर, व्हिस्कोस असे त्याचे वेगवेगळे क्लास. त्या रात्रीच्या यादीत सुरुवातीला सगळी सुतीच ऑर्डर होती. जेव्हीएमच्या दृष्टीने सूत म्हणजे सुती, दुसरं काही लोडच झालेलं नव्हतं. म्हणून सी-टूने "कोणतं सूत?" हा प्रश्नच काढून टाकला होता आणि सुतीची मेथड थेट आत विणून घेतली होती. आठव्या मिनिटाला यादीत व्हिस्कोसची पहिली ऑर्डर आली, तो क्लास लोड झाला, आणि नोंदीत त्याच मेथडसमोर उमटलं: मेड नॉट एन्ट्रंट. म्हणजे हा कोड आता खरा राहिला नाही, यात कोणी शिरू नका. जेव्हीएम माघारी, वाचून चालवण्यावर गेलं, नवी मोजणी झाली, आणि थोड्याच वेळात दोन्ही सुतं धरून नवा कोड चौथ्या पातळीवर आला. मी ती ओळ बघत बराच वेळ बसलो होतो. चुकीचा ठरू शकेल असा अंदाज बांधायचा, त्यावर वेग मिळवायचा, आणि तो खोटा ठरला की एकही उत्तर न चुकवता माघार घ्यायची. इतकं सुंदर यंत्र आपण रोज वापरतो आणि त्याला "जावा स्लो आहे" म्हणून मोकळे होतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एओटीला अशी माघार घेता येत नाही, म्हणून असा धाडसी अंदाजही बांधता येत नाही. तिन्ही सुतं फाइलमध्ये आहेत हे त्याला माहीत असतं, कोणतं किती येणार हे माहीत नसतं. नमुन्याचा प्रोग्रॅम चालवून ती माहिती बिल्डच्या आधी देता येते, पण ही सोय ग्राल-व्हीएमच्या ओरॅकल आवृत्तीत आहे, मी वापरत होतो त्या कम्युनिटी आवृत्तीत नाही. शिवाय ऑर्डरींचा नमुना दर हंगामाला बदलतो. रात्रीचा प्रोग्रॅम मी परत जेव्हीएमवर नेला. तिथे पहाटेपर्यंत कोणी वाट बघत नाही, आणि पहिल्या मिनिटाचा तोटा पुढची वीस मिनिटं भरून काढतात.

या दोन टोकांमध्ये येरझारा घालणारा मी एकटा नाही. अँड्रॉइडचंच घ्या. २०१० साली फ्रोयो आवृत्तीत डाल्विकला, म्हणजे अँड्रॉइडच्या तेव्हाच्या आभासी यंत्राला, जेआयटी मिळालं. २०१४ साली लॉलीपॉपमध्ये त्याच्या जागी एआरटी आलं आणि सगळं ॲप बसवतानाच कम्पाइल होऊ लागलं. फोन अपडेट झाला की ॲप्स ऑप्टिमाइझ होत असल्याचा आकडा एक-एक करून सरकायचा, तो ज्यांनी बघितला त्यांना ती वाट पाहणं आठवेल. २०१६ साली नूगटमध्ये दोन्हींचा मेळ घातला: आधी जेआयटी, वापरात काय तापतंय त्याची नोंद, आणि फोन चार्जिंगला निवांत पडलेला असताना तेवढ्याच भागाचं आधी कम्पायलेशन. फ्लटर या ॲप बनवण्याच्या साधनाचे लोक तर लिहिताना जेआयटी वापरतात, म्हणून बदल लगेच पडद्यावर दिसतो, आणि गिऱ्हाइकाला देताना एओटी. जावातही आता मधली वाट रुंद होते आहे. २०२५ सालच्या जावा २४ मध्ये क्लास लोड करून जोडून ठेवलेला साठा पुढच्या वेळी वापरता येतो, आणि जावा २५ मध्ये त्या साठ्यात कोणत्या मेथड तापतात याची नोंदही ठेवता येते. काउंटरचं काम आज नव्याने आलं असतं तर मी आधी हेच करून पाहिलं असतं.

कारण सप्टेंबरमध्ये मी जो ताणा भरला त्यात काही तारं राहून गेली होती, आणि ती जानेवारीत कळली.

कारखान्याच्या सवलतींचे नियम मी वेगवेगळ्या क्लासमध्ये लिहिले होते आणि कोणत्या गिऱ्हाइकाला कोणता नियम, ते डेटाबेसच्या टेबलात. टेबलातून क्लासचं नाव वाचायचं आणि त्या नावाने क्लास मागवायचा. लिहिताना मला ही रचना फार लवचीक वाटली होती. ऑगस्टमध्ये एजंटने टिपले ते ऑगस्टमध्ये वापरलेले नियम. सिद्धेश्वरांच्या यात्रेची सवलत, गड्ड्याच्या, म्हणजे या यात्रेच्या, दिवसांत होम मैदानावर दुकान मांडणाऱ्या किरकोळ व्यापाऱ्यांसाठी असलेली, ऑगस्टमध्ये कोण कशाला वापरेल? संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात पहिला व्यापारी काउंटरवर आला, अक्कांनी त्याचं नाव निवडलं, आणि पडद्यावर लाल पट्टी: क्लास सापडला नाही. जेव्हीएमवर हाच क्लास शोधून, लोड करून, सावकाश का होईना, बिल निघालं असतं.

अक्कांनी ते बिल हाताने लिहिलं. मी तासाभरात पोहोचलो, जुनी जेव्हीएमची आवृत्ती मशीनवर ठेवलेलीच होती, ती चालू करून दिली. दिवसभर काउंटर पुन्हा सप्टेंबरच्या आधीसारखं, किंबहुना त्याआधीच्या जुलैसारखं चाललं, आणि कोणी काही बोललं नाही, हे मला जास्त लागलं.

रात्री बसून यादीत एक नाव वाढवता आलं असतं. ते केलं नाही. टेबलातून नावं काढून टाकली. सगळे नियम एका सील केलेल्या, म्हणजे ज्याखालचे क्लास आधीच ठरलेले असतात अशा, इंटरफेसखाली आणले आणि टेबलात फक्त साधा संकेत ठेवला. कोणत्या संकेताला कोणता नियम हे आता कोडमध्येच, एका स्विचमध्ये लिहिलेलं आहे. वाटा शोधणाऱ्या साधनाला प्रत्येक नियम उघड दिसतो. त्यासोबत बिल्डनंतर, नेटिव्ह फाइलवरच, टेबलातल्या प्रत्येक संकेताचं एक खोटं बिल काढून बघणारी चाचणी लावली. तिला चार मिनिटं लागतात.

यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी नवी फाइल काउंटरवर टाकली. साडेनऊला तोच व्यापारी आणखी दोन गाठी घ्यायला आला होता. अक्कांनी प्रोग्रॅम चालू केला, नाव निवडलं, कागद बाहेर आला. त्यांनी तो उजेडात धरून आधी नाव वाचलं, मग सवलतीची ओळ बोटाने तपासली, आणि शिक्का मारला.